स्टोर्नोवे ते बेनबेक्युला

तिकिटावर छापलंय पस्तीस मिनिटं.
फोनवर विजूमावशीनं विचारलं, "म्हणजे केवढं गं?"
म्हटलं, सांगलीहून कऱ्हाड, फार तर उंब्रज,
फक्त कृष्णेच्या जागी समुद्र
आणि एस्टी थांबेल अशी एकही टपरी नाही.

रस्त्यानं गेलं तर अख्खा दिवस.
हॅरिसचे डोंगर, मग फेरीबोट,
तीही वारा हो म्हणेल तेव्हा.

दर दुसऱ्या मंगळवारी जाते मी,
मांडीवर पेटी. पेटीत
कानाची यंत्रं, कानाचे साचे,
मसुरीएवढ्या बॅटऱ्या.

आज निघालो अगदी वेळेवर.
शेजारी मर्डो, ट्रॅक्टरचा पंप
तान्ह्या पोरासारखा कुशीत धरून,
खाली बोट दाखवत सांगत होता
कुठलं बेट कुणाचं, मेंढ्या कुणाच्या.
मग खालचं सगळं पुसलं गेलं.
धुक्यावर एक घिरटी, दुसरी, तिसरी,
आणि विमान माघारी वळलं.

तासा-सव्वा तासानं उतरलो
ते निघालो होतो तिथंच.
अंतर शून्य.
मर्डो म्हणाला, "स्वस्तात पडलं की,
जाणं-येणं एकाच तिकिटात."

आता दवाखान्यात फोन करायचा.
पेगी मॅकॅस्किल नवापासून येऊन बसली असेल,
कोट न काढता, दाराकडे बघत.
तिला फोनवर सांगून उपयोग नाही.
कुणीतरी पाकिटाच्या पाठीवर लिहील,
तिच्यासमोर धरेल.
ती आधी चष्मा शोधेल.