तळमजला

मनुभाई दलालानं खालूनच हाक दिली,
"गुप्तेबेन, पार्टी आणलीय."
पार्टी म्हणजे तिघं:
हर्षद तडवी, डायलिसिस सेंटरात टेक्निशियन,
त्याची बायको कोकिला, काखेत हेल्मेट,
आणि चाकांच्या खुर्चीत जशीबेन, त्याची आई,
मांडीवर स्टीलचा डबा, घट्ट धरलेला.

माझे प्रश्न तयार होते.
पगार किती, पाहुणे किती, रात्री गेट किती वाजता.
मनुभाई जिन्यापाशी येऊन कुजबुजला,
"माणसं साधी आहेत, पण..."
त्या 'पण'मध्ये त्यांचं आडनाव होतं.
मी म्हटलं, माझ्या घराला आडनावं वाचता येत नाहीत.
बोलायला सोपं. वर माझं मलाच कौतुक.

खुर्ची सरळ आत आली. उंबरा नाही, पायरी नाही.
कोकिलानं पर्समधून टेप काढून न्हाणीचं दार मोजलं.
सत्तावीस इंच.
तिनं नवऱ्याकडे पाहिलं आणि दोघं हसले,
निकाल लागल्यावर हसतात तसे.
अकरा घरं पाहून झाली होती त्यांची.
कुठं लिफ्ट बंद, कुठं तीन पायऱ्या
आणि "तीनच तर आहेत" म्हणणारे मालक.
"आई, इथं तू एकटी अंगणात जाशील," हर्षद म्हणाला.
म्हातारी तोवर गेलीही होती, लिंबाच्या कुंडीपाशी.

भिंतींना गेल्या दिवाळीत फिका पिस्ता रंग दिला.
दोन हात.
एका हातात झाकलं जात नव्हतं
जे झाकायचं होतं ते.

मगरीची गोष्ट मी सगळ्यांना सांगते.
विश्वामित्री चढली तेव्हा परमारांच्या ओट्यावर
कशी दुपारभर पडून होती, जावयासारखी.
लोक हसतात, फोटो आहे का विचारतात.
मगर सांगितली की पाणी सांगायचं राहून जातं.
आजही सांगितली. आजही हसले.

आठ महिने खोल्या रिकाम्या.
यांच्या पेन्शनीतलं अर्धं येतं, ते औषधांत जातं.
साडेनऊ हजार आणि दोन महिन्यांचं डिपॉझिट,
हर्षद घासाघीससुद्धा करत नव्हता.
मी मनात हिशेब मांडत होते,
तोंडावर दिसतही असेल.

शेवटी भिंतीतलं कपाट मीच उघडलं.
दाराच्या आतल्या बाजूला रंगारी पोचला नव्हता.
तिथं ती रेघ. तपकिरी, सरळ,
पट्टी धरून ओढल्यासारखी.
"इथपर्यंत," मी म्हटलं. "पहाटे तीनला आलं, पाचला इथं होतं."
मनुभाई खोकला.

जशीबेननं खुर्ची कपाटाशी आणली, हात वर केला.
रेघ तिच्या भांगाच्या वर चार बोटं.
कोकिलानं टेप पर्समध्ये टाकली.

मला वाटलं, झालं.
घर चांगलं आहे, यांच्यासाठी नाही.
ठरवणं मालकाकडे असतं असा माझा समज.

म्हातारीनं विचारलं, "त्या रात्री तुम्ही कुठं होता, बेन?"
"वर."
"एकट्या?"
"एकटीच."
ती छताकडे बघत राहिली, पंख्याच्या हुकाकडे.
"खालून हाक मारली तर वर ऐकू येतं?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही.
रात्री मी कानातलं यंत्र काढून ठेवते.
"उद्या कळवते," म्हटलं.
डब्यात काय होतं ते विचारायचं राहिलं.

साडेअकराला यंत्र काढून उशाशी ठेवलं.
परत घातलं.
उठून जिना मोजला. अठरा पायऱ्या, मध्ये एक वळण.
वळणावर खुर्ची वळणार नाही.
पाठीवर माणूस घेतला, तर वळेल.
हर्षद रात्रपाळीला नसला, तर.
खालच्या खोलीत दिवा न लावता उभी राहिले,
नव्या रंगाचा वास अजून आहे.

सकाळी शब्बीर इलेक्ट्रिशियनला विचारायला हवं,
खाली बटण दाबलं
की वर माझ्या डोळ्यांवर दिवा लागेल
असं काही बसवता येतं का,
आणि ते पाण्यात चालतं का.