कुंवारिका

काळाघोड्याच्या पुलावर
मोथुसी मगर शोधत होता.
"आमच्या ओकावांगोतही आहेत," म्हणाला,
"पण ती नदी समुद्राला जात नाही.
वाळवंटात शिरते,
बोटं उघडावीत तशी पसरते,
आणि जिरते.
पाऊस पडतो परमुलखात.
पूर आमच्याकडे पोचतो महिन्यांनी,
ऐन कोरड्या थंडीत, आभाळ लख्ख असताना."

खिशातून नाणं काढलं: पुला.
म्हणजे पाऊस.

मी म्हटलं, इथेही उत्तरेला
बनास, रूपेण रणात संपतात;
गुजरातीत त्यांना कुंवारिका म्हणतात.

"बिचाऱ्या?"

दांडिया बाजारातल्या बायका मला
हाच शब्द लावतात, एकवचनात.
चौपन्नाव्या वर्षी त्याची सवय होते.

मी विचारलं, हत्ती मग पाणी कुठे पितात?

"तिथेच."

खाली चिखलात एक ओंडका
हळूच डोळा उघडत होता.