दहा मिनिटे थांबावे

मार्च संपता संपता मेकन गावात
पाइनची झाडं पिवळं पीठ चाळायला घेतात.
गाड्यांवर, टपालपेटीवर, कुत्र्याच्या पाण्यात,
कुणी हळदीची बरणी लवंडावी तसं.
मी दारं-खिडक्या लावून घेते. तरी येतंच.

फार्मसीतल्या मुलीनं बाटली दिली, करंगळीएवढी.
सोबत घडीचं पत्रक, उलगडलं तर संपेचना:
क्षणभर जळजळ होईल.
दृष्टी अंधुक होईल, तोवर वाहन चालवू नये.
डोकं दुखेल. नाक गळेल.
अगं बाई, नाक गळतं म्हणूनच तर आणलं!
तोंडात कडू चव येऊ शकते.

हे शेवटचं काही पटलं नाही.
डोळ्याचा नि जिभेचा काय संबंध?
पण मान मागे टाकून थेंब सोडले,
आणि जरा वेळानं घशात उतरलं
कारल्याच्या पाण्यासारखं काहीतरी.
म्हणजे आतून वाट आहे.
सत्तावन्न वर्षं ती वाट घेऊन हिंडतेय मी.

लेन्स घालण्यापूर्वी दहा मिनिटे थांबावे.
म्हणून पायरीवर येऊन बसले, डोळे वाहत,
समोरचं सगळं पाण्याखाली.

समोर अर्लीनच्या अंगणात कुणी माणूस आला होता
थर्मनचा ट्रक न्यायला.
थर्मन फेब्रुवारीत गेला.
दर वसंतात तो नळी ओढत आपला ड्राइव्हवे धुवायचा,
आणि न विचारता आमचाही.
आमचं बोलणं म्हणजे लांबून हात वर करणं.
ट्रक खोकला, मागे सरकला, गेला.
खाली उरला डांबराचा काळा चौकोन,
सगळ्या पिवळ्याच्या मधोमध, कोरा.

अर्लीन रस्ता ओलांडून आली,
त्याचा फ्लॅनेलचा शर्ट घालून.
माझे लाल डोळे पाहिले, ओले गाल.
"तूसुद्धा?" म्हणाली
आणि शेजारी बसून माझा हात धरला.

बाटली खिशातच होती.
मी काढली नाही.
दहा मिनिटं कधीच होऊन गेली.

मग ती शिंकली. एकदा, दोनदा, पाचदा,
थर्मनच्या बाहीला नाक पुसलं,
झाडांना एक शिवी दिली.
तेव्हा काढली.
तिनं बाटलीवरचं वाचलं, माझ्याकडे पाहिलं,
पुन्हा बाटलीकडे,
आणि काही न बोलता मान मागे टाकली.

बाटली दुसऱ्याला देऊ नये, असंही लिहिलं होतं.
मी तिची पापणी बोटानं धरली.
"जळजळेल," म्हटलं, "क्षणभरच."
कडू लागेल,
ते सांगायचं राहून गेलं.