ओल, तारखेसकट

शामरावनगर, दुसरा मजला, मागची बाजू.
मालक मगदूम, पुण्यात बाणेरला असतात.
भाडं पाच तारखेला पोचायचं,
नाही पोचलं तर पाचच्याच रात्री साडेआठला फोन.
एरवी तो नंबर लागत नाही.

बेडरूमच्या भिंतीत, वरच्या बाथरूमच्या खाली
आधी ती रुपयाएवढी होती.
मी मिरजेत लॅबमध्ये काम करते,
नाव, वेळ, तारीख लिहिल्याशिवाय
हातातली बाटली खाली ठेवत नाही.
त्याच सवयीनं पेन्सिलीनं कड आखली
आणि लिहिलं: नऊ जुलै.

"बघूया की," मगदूम म्हणाले.
आमच्याकडे नाही असं कुणी म्हणत नाही,
बघूया की म्हणतात,
आणि त्या 'की'ला लोंबकळत
माणूस दोन-दोन वर्षं काढतो.

दिवाळीपर्यंत बशीएवढी.
संक्रांतीला ताट, मग परात.
मग घरातली भांडी संपली
आणि मी तिला जिल्ह्याचा नकाशा म्हणू लागले:
शिराळ्याकडून पाणी उतरतंय,
जतचा कोपरा तेवढा कोरडा.

शाल्मली त्याच भिंतीला पाठ लावून उभी राहते.
डोक्यावर पट्टी, रेघ, तारीख.
वर्षात ती सव्वादोन इंच वाढली,
ओल दीड फूट.
"आई, ती माझ्यापेक्षा जास्त जेवते का?"

दस्तगीर प्लंबरनं बोटाच्या पेरानं प्लास्टर वाजवलं,
कान लावला.
"ताई, दुखणं वरच्या घरात आहे,
हितं नुसता ताप दिसतोय."
वरचा फ्लॅटही मगदूमांचाच.
कुलूप इथं, किल्ली बाणेरला.
दस्तगीरनं पैसे घेतले नाहीत, चहा घेतला,
जाता जाता पलंग भिंतीपासून हातभर ओढून दिला.
माझ्या काळात त्या घरात
एवढीच दुरुस्ती झाली.

ऑगस्टात आयर्विन पुलाशी पाणी चाळीसच्या पुढे गेलं.
तेव्हा सगळी सांगली फुटात बोलते,
दूधवालासुद्धा पिशवी देताना इंच सांगतो.
त्या आठवड्यात मगदूमांचा फोन आपणहून आला.
"खाली पार्किंगमध्ये माझी जुनी मोटार आहे हो,
तिला पाणी लागलं नाही ना?"
मी म्हटलं,
बघूया की.

करार अकरा महिन्यांचा.
बारावा महिना कुठल्याच कागदावर नसतो,
तरी त्याचं भाडं घेतात.
दुसऱ्यांदा अकरा भरले तेव्हा मी कळवलं: सोडतेय.

मग मात्र आले.
पांढरे बूट, उंबऱ्यातच थबकले,
आत यायचं तर ते काढावे लागतील म्हणून.
तिथूनच भिंतीकडे बघितलं, बराच वेळ.
मला वाटलं, दिसली.
"ही पेन्सिल कुणी ओढली?
रंगाचे आठ हजार डिपॉझिटमधून कापावे लागतील."

मी भांडले. गप्प बसले असं सांगण्यात अर्थ नाही,
खालच्या चौगुलेकाकू जिन्यात येऊन उभ्या राहिल्या
इतका आवाज चढला.
आठाचे सहा झाले.

तेवढ्यात आतून खसखस ऐकू आली.
शाल्मली खोडरबर घेऊन भिंतीशी वाकली होती,
आपल्या रेघा पुसत होती,
पहिल्यांदा खालची, मग तिच्यावरची,
जीभ दाताखाली धरून, अगदी बेतानं,
शेजारच्या कडेला धक्का न लावता.
"माझ्या पुसल्या," ती म्हणाली,
"तिच्या असू देत.
पुढच्यांना कळायला नको का,
ती केवढी होती?"

किल्ली दिली.
फरशीवर खोडरबराचा करडा भुगा पडला होता.
आयुष्यात पहिल्यांदा मी घर
न झाडता सोडलं.