पुसू नका

एकशे चौदा नंबरच्या खोलीत
फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात चौकट असायची
आणि चौकटीत तीन अक्षरं.
पहिल्या रात्री मी ती पुसली.
दुसऱ्या दिवशी श्यू बाई खाली तळघरात आल्या,
माझ्या बादल्या असतात तिथवर,
आणि पावतीच्या पाठीवर तीच अक्षरं काढून म्हणाल्या,
वाच, लोनी. बू याओ त्सा.
पुसू नका.

असा मी चिनी शिकलो, एक्केचाळिसाव्या वर्षी,
उलट्या टोकाकडून:
आधी पुसायला मिळालं, मग वाचायला.

अकरा वर्षं.
रात्री साडेनऊनंतर शाळेत मी आणि बॉयलर.
फळ्यावर उरलेलं वाचायचं, मग ओल्या फडक्याने उतरवायचं.
आज वारा आहे. माझी बहीण डॉक्टर नाही.
टोबायसच्या अक्षरांना पोक असायचं,
ओडेसाची बँडमधल्या पोरांसारखी ताठ.

एकदा फळाभर एकच शब्द दोनदा:
माइ. माइ.
एक विकत घेणं, एक विकणं.
विकण्याच्या डोक्यावर तेवढं बेरजेचं चिन्ह.
आणि सूर वेगळा. घेताना आवाज
खाली वाकून वर येतो, जमिनीवरचं काही उचलल्यासारखा.
विकताना नुसता पडतो.
मी जिना झाडताना म्हणून पाहिलं. बराच वेळ दोन्ही पडतच होते.

मार्चमधली सभा व्यायामशाळेत झाली.
खुर्च्या मीच मांडल्या, एकशे साठ. आले एकेचाळीस.
हॅलोरनसाहेबांनी आकडे वाचले. पोरं कमी झाली, अनुदान संपलं,
आणि आता काय, फोनच सगळं भाषांतर करून देतो.
(याच साहेबांनी वर्ग सुरू केला तेव्हा फीत कापली होती,
उद्याचा सगळा व्यापार याच भाषेत, म्हणाले होते.
तेव्हाच्या खुर्च्याही माझ्याच.)
मागून कुणीतरी म्हणालं,
आपल्याला कशाला हवी त्यांची भाषा?
त्यांची.
हा शब्द वाकून वर आला नाही.

टोबायस उठला. बोलायला तीन मिनिटं मिळतात.
कागद घरी विसरला होता, कान लाल.
म्हणाला, फोन चालतो ना, मग चालवू या,
आणि माइकसमोर फोन धरून चिनीत एकच वाक्य बोलला.
फोन थांबला. विचार केल्यासारखा.
मग साऱ्या व्यायामशाळेला ऐकू येईल असा म्हणाला:
*कृपया आमच्या बाई आरक्षित करा.*

लोक हसले. हॅलोरनसाहेबही, मनापासून, चष्मा काढून.
टोबायसही हसला, काय करणार.
श्यू बाई तिसऱ्या रांगेत, मांडीवर पर्स.
त्यांचे ओठ फक्त हलले.
मी भिंतीपाशी उभा होतो, मला दिसलं:
त्या पोराचा चुकलेला सूर
त्या मनातल्या मनात दुरुस्त करत होत्या.

चार विरुद्ध तीन.
खुर्च्या गोळा करायला पाऊण तास लागला.

जूनमध्ये कपाट रिकामं झालं.
सदतीस शब्दकोश खोक्यांत, खोकी तळघरात,
म्हणजे माझ्याकडेच.
बाई क्लीव्हलँडला भाच्याकडे गेल्या,
तिथे कुठल्याशा दवाखान्यात दुभाषाची जागा आहे म्हणे.
जाताना हात मिळवला. माझ्या हाताला ब्लीचचा वास होता,
त्यांच्या हाताला खडूचा. बोललो इंग्रजीत. हवेबद्दल.

ऑगस्टमध्ये खोलीत व्यायामाची वजनं येणार,
खाली काळं रबर. फळाही काढायचा आहे,
पण काढण्याआधी साफ करून द्या, असं चिठ्ठीत आहे.
का, ते चिठ्ठीत नाही.

सगळं पुसून झालंय. कोपरा राहिलाय.
चिठ्ठी एका भाषेत सांगते, पुसा.
कोपरा दुसरीत सांगतो, नको.
दोन्ही मला वाचता येतात, अडचण तीच आहे.
फडकं हातात आहे,
पाणी मनगटावरून कोपरापर्यंत आलंय.