शेवट कथा गया?

जिभाऊंच्या अकरा कॅसेटी माझ्याकडे आल्या
शेवेच्या पत्र्याच्या डब्यातून. अजून तिखट वास येतो.
प्लेअर धुळ्याच्या रऊफ भंगारवाल्याचा,
त्याचं तोंड आपणहून उघडतं,
मिटायला मात्र बोट लावावं लागतं.

तुम्ही अमळनेरला याल तेव्हा काय बघायचं
ते आत्ताच सांगून ठेवते.

आधी ती, जिच्यावर निळ्या शाईत लिहिलंय:
'टांग्यातली डॉक्टरीण, निम्मी. मग केळीचा करपा.'
रात्र. टांगा नदीत, पाणी चाकाच्या तुंब्याला.
टांगेवाला म्हणतो, बाई, पलीकडे तुमचं कोण आहे?
ती वळते, ओठ उघडते,
आणि कृषी विद्यापीठाचे साहेब सांगू लागतात
पानावर पिवळे ठिपके दिसले की काय फवारायचं.
कितीतरी वर्षं आमच्या गल्लीत
हेच तिचं उत्तर होतं.

कोरी कॅसेट महाग. जिभाऊ एकावर एक भरत गेले,
गच्चीवर बिबड्यांच्या धोतराशेजारी अँटिना फिरवत,
'उनं का?' वरून.
'गयं!' खालून.
आमच्या बोलीत 'कथा' म्हणजे 'कुठे'.
पोरं ओरडायची, जिभाऊ, शेवट कथा गया?
ते म्हणत, कथा ते शे ना भो, शेवट जाऊ दे.

मग शनिवारी उशिरा लागलेला तो परदेशी सिनेमा.
बर्फात एक म्हातारा दीड तास
सायकलला घंटी बसवतो.
खालची अक्षरं वाचणारं कोणी नव्हतं,
म्हणून मिलमधले धुडकूमामा सांगायचे:
'आते तो म्हणस, थंडी भलती शे.'
म्हातारा रडला तरी तेच, हसला तरी तेच.
आम्ही वैशाखात, डोक्यावर ओले टॉवेल घेऊन,
मान डोलवायचो.

हेरगिरीच्या मालिकेचा भाग सातवा आहे फक्त.
आठव्याच्या रात्री लाइट नव्हती.
सातव्यात संशय पोस्टमास्तरवर येऊन थांबतो,
त्यामुळे आमच्या खऱ्या पोस्टमास्तरांना,
बिचाऱ्या देवरेंना,
बदली होईपर्यंत लोक मनिऑर्डर दोनदा मोजायला लावायचे.

एका कॅसेटवर नुसत्या मुंग्या आहेत.
तीही लावू. मध्येच कोणीतरी खोकतं,
ते जिभाऊ असावेत असं मला वाटतं.
आवाज रेकॉर्ड होत नाही तसा, माहीत आहे मला.

आता एक गोष्ट, फक्त तुम्हाला.
गेल्या महिन्यात भाच्याने मोबाइलवर
डॉक्टरणीचा सिनेमा शोधून दिला, अख्खा,
धुऊन वाळत घातल्यासारखा स्वच्छ.
रात्री एकटीने पाहिला.
टांगेवाला विचारतो, पलीकडे तुमचं कोण आहे?
ती वळते, ओठ उघडते, म्हणते,
खरंय. फिरवा टांगा.
पुढे तहसीलदाराशी लग्न, दोन गाणी,
दवाखान्याची पाटी माळ्यावर.

आणि आमची इंदूआत्या
त्या निम्म्या सिनेमावर नर्सिंगला गेली होती.
घरातून पहिली. ट्रंक घेऊन, बापाशी बोलणं बंद ठेवून,
तीस वर्षं पाड्यापाड्यांवर बाळंतपणं केली,
सातपुड्याचे नाले भरलेले असताना ओलांडले.
कोणी विचारलं, भीती नाही वाटायची?
तर म्हणायची, ती बाई गेलीच की पलीकडे.

रविवारी तीही येणार आहे, कळण्याची भाकरी घेऊन.
तेव्हा मोबाइल खिशातच राहू द्या.
नदीपर्यंत बघू, मग करप्याचं सगळं ऐकू,
औषधाचं प्रमाण आत्याला तोंडपाठ आहे,
ती साहेबांच्या आधी बोलते.
तुम्ही दाराजवळ बसा.
कॅसेट आत गेली की
बोट लावायला कोणीतरी लागतं.