पाणी आलं

सोमवारचा पहिला तास पाण्याचा.
केंडलच्या शाळेत पाच वर्षांची सत्तावीस मुलं
गालिच्यावर मांडी घालून,
आणि खिडकीबाहेर ते, ज्याला इथं कुणी पाऊस म्हणत नाही,
जरा ओलसर आहे, एवढंच म्हणतात.

मिसेस डिक्सन विचारतात, पाणी कुठून येतं?
सत्तावीस हात वर, उत्तर एक:
नळातून.
आणि नळात?
भिंतीतून.
आणि भिंतीत?
दुसऱ्या भिंतीतून, काझिक सांगतो.
त्याचे बाबा प्लंबर आहेत, त्यामुळे कुणी वाद घातला नाही.

मी मदतनीस. माझं काम नाकं पुसणं,
मेणखडूंवरचा कागद सोलून देणं, आणि गप्प बसणं.
म्हणून सांगितलं नाही, की मी वाढले तिथं
नळच यायचे आणि नळच जायचे.
नळ आले! अशी जिन्यात हाळी उठायची,
जणू लांबच्या गाडीनं पाहुणे उतरलेत,
आणि घागर, पिंप, डालड्याचा डबा,
हाताला येईल ते घेऊन आम्ही धावायचो.
पाऊण तास थांबायचे.
निघताना खाकरायचे, दोनदा,
मग नुसती हवा.
हे इंग्रजीत सांगायला गेलं
तर नळांना पाय फुटतात.

मग पिवळी जाकिटं, दोघादोघांची रांग, बाहेर.
मी ओढ्याला स्ट्रीम म्हणाले.
पाच जणांनी एकदम चूक काढली:
बेक! मिस, तो बेक आहे!
बरं. बेक.
आणि वर डोंगरात साचतं ते टार्न,
त्याला तळं म्हणायचं नाही, मासे रागावतात.
मी मनातल्या मनात बेकला
ओहोळ, वहाळ, पऱ्ह्या यांच्या रांगेत उभं करून पाहिलं.
बसला. जरा आखूड, पण बसला.
तो केंट नदीला मिळतो तिथं थांबून
आम्ही बदकं मोजली. बारा.
मग अकरा, कारण एक दगड निघाला.

वर्गात परतून चित्र.
डोंगर, ढग, बेक, नदी, समुद्र,
आणि पाणी जाईल तिकडं बाण.
निळे खडू नऊ, मुलं सत्तावीस,
भांडणं माझ्या खात्यात.
रूबेन पोसलथ्वेट, आडनाव त्याच्याहून लांब,
भांडला नाही. त्यानं तपकिरी उचलला.
नदी काढली, बाण काढला.
बाण समुद्राकडं गेलाच नाही,
मधेच वळून एका दाराशी आला,
दारातून आत, जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत.
चौथ्या पायरीवर मांजर.

मिसेस डिक्सन वाकल्या. नदी निळी असते ना, राजा?
त्यानं मान हलवली, नाही.
आमच्याकडं पाणी आलं तेव्हा तपकिरी होतं.

पाणी आलं.
अकरा वर्षांत या देशात
हे क्रियापद मला असं, जसंच्या तसं, भेटलं नव्हतं.
फक्त इथं घागर घेऊन कुणी खाली धावलं नसेल.
माणसं वर गेली असतील, जिन्यानं,
हाताला येईल ते घेऊन.

मी सोलत होते तो खडू हातात मोडला.
आणि मांजर? मी विचारलं.
मांजर आत्याकडं असतं आता.
आत्याचं घर चढावर आहे.

भिंतीवर सत्तावीस चित्रं लागली, सव्वीस निळी.
शाळा सुटल्यावर खडू मोजले:
निळ्यांपैकी एक कुणाच्या तरी खिशातून घरी गेलेला,
तपकिरी अर्धा झिजलेला.
दुधाचे सत्तावीस पेले विसळायचे राहिले होते.
नळ सोडला.
पाणी आलं,
गार, स्वच्छ, न खाकरता,
दुसऱ्या भिंतीतून.